पत्रेवाल्याच्या बायकोची स्वप्नं

स्वच्छ आकाशावर त्याचा सगळ्यात कमी विश्वास होता. ढग निदान तोंडावर सांगून येतात, असं तो म्हणायचा. पण निळंशार, फडक्यानं पुसून ठेवल्यासारखं आकाश दिसलं की तो दारात उभा राहून मान वर करायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. शेवटी मान दुखून आली की पुटपुटायचा, "काहीतरी लपवतंय."

घरांवर, गोदामांवर, गोठ्यांवर पत्रे घालणं हा त्याचा धंदा. खरं नाव केव्हाच मागे पडलं होतं आणि लहानथोर सगळे त्याला पत्रेवाला म्हणत. रेडिओवरची बाई 'उद्या ऊन' म्हणाली की पत्रेवाला ताडपत्री बाहेर काढून ठेवी. दुसऱ्या दिवशी खरोखरच ऊन पडलं तर म्हणे, "चुकून बरोबर आलं तिचं." नवा खिळा तो दाताखाली धरून बघे. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे जोडे बघे, मग तोंड. आणि छप्पर पुरं झालं की त्यावर बादल्या बादल्या पाणी ओतायला लावून स्वतः खाली, आत, वर तोंड करून उभा राही. मालक कंटाळून म्हणे, "अहो, झालं की आता. एक थेंबसुद्धा नाही."

"थांबा," तो म्हणे. "पाणी लबाड असतं. ते वाट बघतं."

पाण्याबद्दल त्याला जे कळलं होतं ते त्यानं उभ्या आयुष्यात, वाकलेल्या पाठीनं शिकून घेतलं होतं. ठिबकतं एकीकडे आणि भोक असतं दुसरीकडे. पाणी वर कुठंतरी शिरतं, वाशाच्या पोटाला चिकटून गुपचूप चालत जातं आणि त्याच्या मनाला येईल तिथं खाली उडी मारतं. थेंबाखाली बादली ठेवणारे पुष्कळ. त्या थेंबाचा माग काढत उलटं जाणारा एखादाच, आणि तो आपण, याचा पत्रेवाल्याला अभिमान होता.

अशा या माणसाचा जगात एका गोष्टीवर मात्र डोळे मिटून विश्वास होता. ती गोष्ट म्हणजे त्याच्या बायकोची स्वप्नं.

त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. मागच्या खोलीत शेगडी, खिडकी आणि एक बुटकं टेबल. बायकोचा स्वयंपाक साधा, सरळ. सकाळी तांदळाची पातळ पेज, वरून मीठ आणि बारीक चिरलेला कांदा. एकाच भांड्यात, एकाच पाण्यात बटाटे आणि अंडी उकडायची. अंडी आधी काढायची, बटाटे मागाहून. "ज्याला घाई आहे त्यानं आधी उठावं," ती अंड्यांना उद्देशून म्हणायची. संध्याकाळी डाळ-भात, नाहीतर उरलेले बटाटे कांद्यावर परतायचे, की झालं. भांड्यात पडेल ते शिजलं पाहिजे आणि शिजेल ते संपलं पाहिजे, एवढाच तिचा नियम.

दुसरा एक नियम तिनं माहेराहून आणला होता. स्वप्न पडलं तर ते रिकाम्या पोटी सांगायचं, पेजेला उकळी येईपर्यंत. म्हणून सकाळी पातेलं शेगडीवर चढलं की पत्रेवाला चहाचा कप घेऊन टेबलाशी बसे आणि कान टवकारे. ती पळी फिरवत, पातेल्यात बघत सांगू लागे.

"आपली शिडी पलंगावर झोपली होती. तिला ताप होता. मी कपाळावर ओली पट्टी ठेवायला गेले, तर शिडीला कपाळ कुठं ते सापडेना."

पत्रेवाला कप खाली ठेवी. "ताप किती?"

"चांगलाच होता. कण्हत होती."

मग त्या दिवशी तो शिडीला हात लावत नसे. खालचीच कामं काढी, पन्हळी सरळ करी, वॉशर निवडी. कधी स्वप्नात पत्रे न्हाव्याकडे रांगेत बसून केस कापून घेत आणि न्हावी म्हणे, वारा पडेपर्यंत थांबा. कधी पत्रेवालाच अंगठ्याएवढा झालेला असे आणि बायको त्याला मिठाच्या बरणीत ठेवून झाकण लावी. "तुम्ही आतून ठोकत होता," ती सांगे, "पण रागानं नाही हं." त्या दिवशी तो घरीच राही. कुणी विचारलं तर ताठ मानेनं सांगे, "घरात स्वप्न पडलंय." आणि लोकही मान डोलावत, कारण शिडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

शिडीची गोष्ट त्यांचं नवं नवं लग्न झालं होतं तेव्हाची. एका सकाळी बायको म्हणाली, स्वप्नात शिडीची वरची पायरी रडत होती. तो हसतच बाहेर गेला, पायरीवर बोटाचं पेर मारलं, तर आवाज फुटका. आतून तडा गेलेला. त्या दिवशी तीच शिडी धान्याच्या गोदामाला लागणार होती. तेव्हापासून आकाश खोटं, रेडिओ खोटा, लोहार लबाड, पण हिचं स्वप्न खरं, असं त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं.

एवढ्यात एक गोष्ट घडली होती, ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. बेकरीच्या छपरावर, अगदी आढ्यापाशी, तो खिळा ठोकायला वाकला आणि आकाशानं आणि पत्र्यांनी एकदम जागा बदलली. त्यानं जवळच्या धुराड्याला मिठी मारली आणि डोळे गच्च मिटून घेतले. खालून ताज्या पावाचा वास येत होता. त्या वासाचा दोर धरून उतरावं तसा तो नंतर हळूहळू खाली आला. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली काम करी, पण तो तेव्हा छपराच्या पलीकडच्या उतरणीवर होता. त्यानं पाहिलं नसावं, असं पत्रेवाल्यानं स्वतःला समजावलं. फलाटावर शेजारची गाडी सुटली की आपलीच हलल्यासारखी वाटते, तसं काहीतरी असेल, संपलं.

पण ते संपलेलं नव्हतं, कारण बाजाराचं छप्पर समोर उभं होतं. त्या वस्तीतलं सगळ्यात उंच छप्पर. ऐन उमेदीत त्यानंच ते आपल्या उस्तादाबरोबर घातलं होतं आणि आता पत्रे गंजले म्हणून बदलायचे होते. बाजाराच्या मुकादमानं दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. पत्रेवाल्यानं चारचौघांत शब्द दिला होता की सगळ्यात वरचा पत्रा मी स्वतः बसवणार. आता मागं हटायचं तर लोक काय ते समजून जाणार. आणि वर चढायचं, तर ते धुराडं तिथं नव्हतं.

हा शब्द दिल्यापासून बायकोच्या स्वप्नांना ऊत आला. एका सकाळी ती म्हणाली, "तुम्ही धुराड्याला मिठी मारून बसला होता. आणि धुराडं म्हणत होतं, अहो सोडा मला, मला धूर काढायचाय."

पत्रेवाल्याचा चहाचा घोट तोंडातच राहिला.

त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिची स्वप्नं नेहमी पुढचं बघत आली होती. हे स्वप्न मागचं बघत होतं. आणि आणखी एक. दर वेळी पातेल्यात बघून सांगणारी बायको आज त्याच्या गुडघ्यांकडे बघून सांगत होती.

 त्यानं पेज खाल्ली, हातोडा घेतला आणि तो गेला. पण दिवसभर पत्र्यावर मारलेला प्रत्येक घाव त्याला विचारत होता, की हिला कसं कळलं?

मग त्यानं खडा टाकून बघायचं ठरवलं. संध्याकाळी जेवताना सहज म्हणाला, "उद्या बाजाराचं छप्पर मोजायला वर जातोय." खरं तर दुसऱ्या दिवशी त्याला शेजारणीचं कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायचं होतं, त्याच्या कमरेएवढं उंच. सकाळी पेज उकळायच्या आत बायको म्हणाली, "एवढं मोठं छप्पर, वाऱ्यानं रुमालासारखं उडालं. आणि रुमालाच्या टोकाला तुम्ही." पत्रेवाल्यानं तोंड वेडंवाकडं केलं आणि दिवसभर कोंबड्यांच्या शिव्या खात खुराड्याशी बसून काढला.

पुढच्या खेपेस तो म्हणाला, "उद्या पुन्हा ते खुराडंच." आणि गेला मात्र पिठाच्या गिरणीवर, चांगल्या चढाच्या छपरावर. त्या सकाळचं स्वप्न होतं एका कोंबडीचं. तिनं अंड्याऐवजी बटण घातलं होतं आणि ती ते सगळ्यांना दाखवत फिरत होती. सांगताना बायकोला स्वतःलाच हसू आवरेना. गिरणीच्या छपराचा त्या स्वप्नात मागमूस नव्हता.

म्हणजे जिथं तो सांगेल तिथलंच तिला स्वप्न पडत होतं.

राग येईल असं त्याला वाटलं होतं. तो आलाच नाही. आलं ते वेगळंच काहीतरी. स्वतः घातलेल्या, वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या छपराखाली उभं असावं आणि कपाळावर टपकन थेंब पडावा, तसं. आणि थेंब दिसल्यावर त्याला एकच काम येत होतं. माग काढत उलटं जायचं.

दुपारी भिंतीच्या सावलीत डबा खाताना त्यानं मेहुण्याला धरलं. हा मेहुणा जिभेनं सैल, पण हातानं चोख.

"खरं सांग. धुराड्याचं ताईला तू बोललास?"

"कसलं धुराडं, दाजी?"

"तोंडात बटाटा आहे म्हणून वाचलास. गिळ आणि सांग."

मेहुण्यानं बटाटा गिळला, पाणी प्यायला, आभाळाकडे बघितलं. मग म्हणाला, "मी कशाला सांगू? तिनं स्वतःच बघितलं. डबा घेऊन आली होती त्या दिवशी. खाली रस्त्यावर उभी. मी पलीकडून डोकं वर काढलं तर ती मला खुणेनं म्हणते, गप्प बस."

"आणि हाक नाही मारली तिनं?"

"नाही. तोंडावर हात धरून उभी होती. तुम्ही उतरायला लागलात तशी डबा बेकरीवाल्याकडे ठेवून निघून गेली."

"म्हणजे तुलाही माहीत होतं!"

"दाजी, धुराड्याला मिठी मारून बसलेला माणूस छपरावर काही लपत नाही."

तो डबा पत्रेवाल्याला आठवला. बेकरीवाल्यानं हातात दिला होता आणि त्यानं काही न विचारता खाल्ला होता. प्रत्येक खिळा दाताखाली धरून बघणाऱ्या माणसानं डबा इथं कुणी आणला, एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

बाजाराचं काम सुरू व्हायच्या आदल्या सकाळी बायकोनं पातेलं चढवलं आणि ती तोंड उघडणार, एवढ्यात पत्रेवाला म्हणाला, "आज मला पडलंय."

तिनं वळून बघितलं. लग्न झाल्यापासून या माणसाला एकही स्वप्न पडलं नव्हतं. ओंडक्यासारखा झोपायचा. तिच्या डोळ्यांत संशय उभा राहिला. "तुम्हाला?"

"का? मला पडू नये?"

"पडू दे की. सांगा."

"मी एका छपरावर आहे. खाली रस्त्यावर एक बाई उभी आहे. हातात डबा."

पळी थांबली. मग पुन्हा, हळू, फिरू लागली. "कसली बाई?"

"चांगली आहे दिसायला. पण हाक मारत नाही. मी वर डोळे मिटून बसलोय आणि ती नुसती उभी. मला स्वप्नात फार राग आला. म्हटलं, बाई, तोंड आहे ना तुला?"

"हाक मारली असती तर तो माणूस दचकून पडला असता," ती पातेल्यात बघत म्हणाली. "त्या बाईला तेवढी अक्कल होती."

"मग घरी आल्यावर विचारायचं होतं."

"आणि त्या माणसानं खरं सांगितलं असतं?"

 पेजेला उकळी आली, फेस वर चढला. तिनं आच कमी केली. नियमाप्रमाणे आता स्वप्नांची वेळ संपली होती, तरी दोघं तिथंच होते.

"सगळी खोटी?" त्यानं विचारलं. "तापलेली शिडी, न्हावी, बरणी?"

"काही पडलेली, काही पाडलेली. कोंबडीचं बटण खरं होतं."

"आणि ते रडणाऱ्या पायरीचं? ते तरी खरं होतं ना?" हे विचारताना त्याचा आवाज अगदी लहान झाला. सगळी स्वप्नं गेली तरी चालतील, ते एक राहू दे, असा.

बायकोनं शेगडी बंद केली आणि त्याच्या समोर येऊन बसली.

"तडा मी आदल्या दिवशी बघितला होता. शिडीवर कपडे वाळत घातले होते, ते काढताना. संध्याकाळी जेवताना तुम्हाला सांगितलं. वरच्या पायरीला तडा गेलाय, उद्या चढू नका म्हणून."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं. तुम्ही म्हणालात, भात वाढ."

पत्रेवाल्यानं समोरचा कप उगाच बाजूला सरकवला.

"मी वाढला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, स्वप्नात पायरी रडत होती. तर तुम्ही हातातला चहा ठेवून उठलात. तेव्हा कळलं मला. या घरात माझं बोलणं ऐकू जात नाही, स्वप्न ऐकू जातं. मग दुसरं काय करणार? लागले पाडायला."

भोक सापडलं होतं. किती लांब, किती वर, किती जुनं. त्या एका फटीतून एवढी वर्षं पाणी चालत आलं होतं, आणि तो खाली उभा राहून छप्पर कसं कोरडं आहे म्हणून मिरवत होता.

"मग आता ऐका," ती म्हणाली. "उद्या बाजाराच्या छपरावर तुम्ही चढायचं नाही. हे मला स्वप्नात दिसलेलं नाही. मी जागी आहे, आणि मी सांगते आहे."

'पेज वाढ' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. अगदी आले होते. त्यानं ते परत आत घेतले आणि उठून स्वतःच पळी हातात घेतली. तिच्या वाडग्यात आधी वाढली. थोडी टेबलावर सांडली. तिनं ती फडक्यानं पुसली. हो की नाही, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात माणसं जमली. उंच कामाला बघे जमतातच. मेहुणा दोर खांद्यावर टाकून तयार होता. शिडी लागली. मुकादम हात मागे बांधून उभा. पत्रेवाल्यानं शिडीच्या प्रत्येक पायरीवर पेर मारून बघितलं, जिथवर हात पोचला तिथवर. वर नजर टाकली. आढं फार उंच दिसत होतं, आणि फार ओळखीचं. त्यानं एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

तो पाय बराच वेळ तिथं होता. मग त्यानं तो खाली घेतला, दोन्ही हातांनी शिडी पकडली आणि मेहुण्याला म्हणाला, "चढ."

"मी? वरच्या पत्र्याला?"

"तूच. मी शिडी धरतो."

बघ्यांत कुजबुज झाली. मुकादम पुढे आला. "काय पत्रेवाले, आज खालीच? घरात स्वप्न पडलं वाटतं?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मुकादमानं वाट स्वतःच काढून दिली होती, आणि त्या वाटेनं पत्रेवाला कितीदा तरी ताठ मानेनं गेला होता. शिडीवरची त्याची बोटं आवळली.

"स्वप्न नाही," तो म्हणाला. "वर गेलो की चक्कर येते मला. आणि बायकोनं चढू नको म्हणून सांगितलंय."

बघे एकमेकांकडे बघू लागले. मग मासे विकणारी बाई हसली, "ऐकलंत का, पत्रेवाले बायकोचं ऐकतात!" आणि हशा पसरत बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. पत्रेवाल्याचे कान लाल झाले. त्यानं शिडी सोडली नाही.

दिवसभर तो खाली उभा होता. वर हातोडा वाजत होता आणि तो कान देऊन एकेक घाव ऐकत होता.

"तो डावीकडचा खिळा ढिला राहिलाय!"

"दाजी, तुम्हाला खालून काय दिसतंय?"

"दिसत काही नाही. मला तुझा संशय येतोय."

वरून पत्रा खडखडला. मग दोन घाव आणखी बसले. "होता जरासा," मेहुणा ओरडला.

त्यानंतरच्या सकाळी बायको पातेल्यात पळी फिरवत म्हणाली, "मला स्वप्न पडलं."

पत्रेवाल्यानं कप ठेवला. "पडलं की पाडलं?"

"पडलं. आपल्या दारात एक बदक आलं. म्हणालं, माप घ्यायला आलोय. मी विचारलं, कशाचं? तर म्हणे, ते आत आल्यावर सांगतो. आत आलं, आणि छत्रीसारखं मिटलं."

"आणि?"

"आणि काही नाही. मिटलं."

पत्रेवाला विचारात पडला. बदक म्हणजे पाणी. माप म्हणजे छप्पर. मिटलं म्हणजे... "आज मी कुठं जाऊ नये, असं आहे का?"

"जिथं जायचंय तिथं जा."

"बाजारात?"

"जा की."

"मग यातून तुला हवंय काय?"

"अहो, काही नको. बदक होतं हो नुसतं!"

त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं. ती पातेल्यात बघत होती, जशी नेहमी स्वप्न सांगताना बघे तशी. पण पाडलेली स्वप्नंही ती पातेल्यात बघूनच सांगत आली होती, त्यामुळे त्या बघण्याचाही काही भरवसा नव्हता. उकळी आली. वाडगे भरले. तो खाऊ लागला, थांबला, पुन्हा खाऊ लागला. शेवटी त्याला राहवेना.

"ते बदक रस्त्यानं आलं की छपरावरून?"

"कांदा घ्या," बायको म्हणाली, "आणि खा. निवतंय."